शेवटच्या गाण्यावरची रेघ

मी एक जुनी रेकॉर्ड आहे, मित्रांनो, आणि मला एका जागी बसवत नाही.

बसवणार तरी कसं? आमचा जन्मच गरगर फिरण्यासाठी. फिरणं थांबलं की आम्ही नुसत्या काळ्या थाळ्या. गेली कितीतरी वर्षं मी फळीवर उभी आहे. डावीकडे नाताळची गाणी, उजवीकडे अकॉर्डियनचे वॉल्ट्झ, आणि मधे मी, अंग चोरून. आत मात्र सगळं चालूच असतं. माझ्या पोटात सहा बँड आहेत. सहाही पंक. सहाही एकदम ओरडतात. त्यातून माझ्या दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटी, एक जाडजूड तिरकी रेघ आहे. घरी आलेले लोक मला उचलतात, उजेडात धरतात, ती रेघ बघतात आणि च्च करून परत ठेवतात.

पडलीच कशी म्हणतात. मित्रांनो, ती पडलेली नाही. ती ओढलेली आहे. तिचीच गोष्ट सांगते.

सन एकोणीसशे त्र्याऐंशी. फिनलंडमधलं एक गाव, तळ्याकाठचं, पुठ्ठ्याच्या कारखान्यावर जगणारं. तिथे इस्मो नावाचा वीस वर्षांचा मुलगा होता. केस उभे, जाकीट फाटकं, गिटार उधारीची. त्याच्या बँडचं नाव ओलं सरपण. वयात आलेल्या प्रत्येक पोराला तिकडे सैन्याचं बोलावणं येतं आणि पोरं मुकाट जातात. इस्मोने ते बोलावणं परत पाठवलं. बंदूक धरणार नाही, आणि बंदुकीऐवजी दुसरं कुठलं सरकारी कामही करणार नाही म्हणाला. त्याला शिक्षा तुरुंगाची. सप्टेंबरमध्ये आत जायचं होतं.

त्याचे वडील एन्सिओ. तरुणपणी युद्धावर जाऊन आलेले, नंतर जन्मभर त्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात. पोराने बोलावणं परत पाठवलं त्या दिवसापासून एन्सिओने त्याच्याशी बोलणं सोडलं. ओरडला नाही, हात उगारला नाही. नुसतं बंद केलं. जेवताना बटाट्याचं भांडं इस्मोच्या समोर असायचं आणि एन्सिओ बायकोला म्हणायचा, "आउने, त्याला सांग भांडं सरकव." इस्मो सरकवायचा. आउने दोघांकडे बघायची आणि सुस्कारा टाकायची. असं एक आख्खं वर्ष.

आणि तुइरे. ओलं सरपणची ड्रमर, आणि खरं तर माझी आई. इस्मो आत जायच्या आधी आसपासच्या सहा बँडनी मिळून युद्धाच्या विरोधात एक रेकॉर्ड काढायची, ही कल्पना तिची. माझं नावही तिचंच: बूट परत घ्या. कव्हरवर तिने सैनिकाचा बूट काढला आणि बुटातून उगवलेलं बटाट्याचं रोप.

रेकॉर्डिंग करायचं कुठे? युवक केंद्राने पोरांना हाकललेलं, भिंतीवर नको ते रंगवलं म्हणून. मग इस्मोच्या घरामागचा सॉना. सॉना म्हणजे लाकडी खोली, आत भट्टीवर दगड. ते तापवायचे, त्यांवर पाणी टाकायचं, वाफेत बसायचं. त्याला चिकटून कपडे बदलायची एक छोटी खोली होती. त्या खोलीत माईक टांगला, त्याच्यावर मोजा चढवला, आणि एकेक बँड येऊन घसा फाडून गेला. सगळं झकास चाललं होतं. फक्त शेंबडं पोर विसरणार नाही अशी एक गोष्ट सगळे विसरले. तो शनिवार होता.

दुपार कलली तसा एन्सिओ दारात उभा. कवेत बर्चची लाकडं. त्याने ड्रमकडे बघितलं, पोरांकडे बघितलं आणि तुइरेला म्हणाला, "त्याला सांग, शनिवार आहे."

"बाबा, एकच गाणं राहिलंय," इस्मो म्हणाला.

"त्याला सांग, मी पेटवतोय."

"तुइरे, बाबाला सांग, माझा अॅम्प्लिफायर उकडून निघेल."

"मग म्हणावं लवकर उचल."

"मी ड्रमर आहे की पोस्टमन?" तुइरे म्हणाली.

पण ती उठली. सगळेच उठले. जगातली युद्धं एक वेळ थांबवता येतील, एन्सिओचा शनिवारचा सॉना थांबवता येणार नाही, हे त्या पोरांनाही कळत होतं. आत भट्टी धडधडायला लागली आणि बाहेर ड्रम, वायरी, गिटारी यांची पळापळ. टेपरेकॉर्डर बाकाखाली टॉवेलांच्या मागे सरकवलेला होता, ड्रमची धडधड त्याला लागू नये म्हणून. इस्मोला वाटलं तुइरेने उचलला. तुइरेला वाटलं इस्मोने. बंद कुणीच केला नाही, आणि मोजा चढवलेला माईकही तसाच लटकत राहिला. टेप फिरत राहिली. मी तेव्हा अजून रेकॉर्ड नव्हते, नुसती टेप होते, पण फिरत होते. मी सगळं ऐकलं.

थोड्या वेळाने खांद्यावर टॉवेल टाकून काउको आला. काउको म्हणजे शेजारी. त्याचा मोठा भाऊ विल्यो युद्धात एन्सिओच्या बरोबर होता. विल्यो शवपेटीतून घरी आला आणि चर्चच्या आवारात सैनिकांच्या रांगेत पुरला गेला. तेव्हापासून जवळजवळ चाळीस वर्षं एन्सिओ आणि काउको दर शनिवारी या सॉनात शेजारी शेजारी बसत होते, आणि विल्योचं नाव कधी निघालं नव्हतं.

त्या दिवशी निघालं. कशामुळे, कोण जाणे. पोरगा तुरुंगात जाणार, ते आत कुठेतरी घुसळत असेल. एन्सिओ बोलायला लागला. विल्यो खरोखर कसा गेला, ते त्याने त्याच्या भावाला सांगितलं. सैन्यातून निरोप आला होता तसं नाही. तसं मुळीच नाही. हळू बोलत होता, मधे मधे थांबत होता, आणि फळ्यांच्या फटींतून एकेक शब्द माझ्यात उतरत होता.

तो थांबला. भट्टीत एक लाकूड तडकलं. मग काउकोचा आवाज आला.

"पाणी टाक."

आणि दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज. तेवढ्यात टेप संपली.

एन्सिओ काय म्हणाला, ते मी तुम्हाला सांगणार नाही, मित्रांनो. थांबा, रागावू नका. का नाही, ते कळेल.

दुसऱ्या दिवशी तुइरेने टेपरेकॉर्डर शोधून काढला आणि आपल्या खोलीत लावून बघितला. टेप वितळली का, एवढीच तिला भीती. इस्मो खिडकीपाशी उभा राहून ऐकत होता, खिडकीचा सुटलेला रंग नखाने खरवडत. वर्षभरात वडील त्याच्यासमोर जितके बोलले नसतील तितके या टेपवर बोलले होते. संपलं तेव्हा खिडकीचा हातभर रंग निघालेला होता.

"हेच शेवटचं गाणं," तो म्हणाला.

"हे गाणं नाहीये. हा तुझा बाप आहे."

"आपण सहा बँड मिळून बोंबलतोय, तुइरे. त्यात एवढं खरं एक वाक्य नाहीये."

"तुझी गाणी वाईट आहेत, हे मला आधीपासून माहितीये. त्यांना विचार."

"कुणाला? भिंतीला?"

"बापाला. आणि काउकोकाकांना."

पुढच्या शनिवारी इस्मो वर्षभराने सॉनात गेला. असल्या गोष्टी तिकडे स्वयंपाकघरात विचारत नाहीत, वाफेत विचारतात. तो सगळ्यात खालच्या फळीवर बसला. वर एन्सिओ आणि काउको.

"काउको, त्याला विचार, टाकू का," एन्सिओ म्हणाला.

"टाकू का रे?" काउकोने विचारलं.

"टाका," इस्मो म्हणाला. वाफेने त्याचे कान भाजले. आता पुढचं पाणी पडलं की विचारतो, त्याने ठरवलं. पुढचं पडलं. मग त्याच्या पुढचं. मग बादली रिकामी झाली, ते दोघे उठून तळ्यात उतरले, आणि विचारायचं राहूनच गेलं.

सोमवारी टेप पोस्टाने गेली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे थांबा, विचारलेलं नाहीये. पण टेपला स्वतःचं तोंड कुठे असतं?

मग मोठ्या शहरातला कारखाना. गरम काळा गोळा, वरून खालून साचा, आणि पोळीसारखी दाबली गेले मी. माझ्यासारख्याच शेकडो बहिणी. खोक्यांत भरून ऑगस्टमध्ये आम्ही परत त्याच गावी, त्याच घरी, आउनेच्या स्वयंपाकघरात.

कव्हरं नुसती छापून आली होती, सपाट. घडी घालायची, चिकटवायची, आम्हाला आत सरकवायचं. टेबलावर पिठाची खळ, पोरांच्या कोपरापर्यंत खळ, एकाच्या केसांत खळ. आउने कॉफी ओतत होती, वेलदोड्याचे गोड पाव वाटत होती. कव्हरं वाकडीतिकडी होत होती. तेवढ्यात एन्सिओ कप घेऊन आला. जरा वेळ उभा राहून त्याने तो गोंधळ बघितला.

"आउने, त्यांना सांग, आधी घडी. मग खळ."

आणि मग खुर्ची ओढून स्वतःच बसला. घडी, खळ, दाब. घडी, खळ, दाब. एक कव्हर हातात फिरवून नाव वाचलं. बूट परत घ्या.

"बटाटा बरा काढलाय," तो तुइरेला म्हणाला.

इस्मो एकाच कव्हरावरची खळ पुन्हा पुन्हा पुसत होता. त्याचा बाप स्वतःचाच आवाज कव्हरात घालून नीट चिकटवत होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. खोलीत इस्मोला आणि तुइरेला ठाऊक होतं. आणि मला.

"लावा की," एन्सिओ म्हणाला. "एवढी खळ लावली. ऐकू तर दे."

वरची एक उचलली गेली. ती मीच.

पहिली बाजू वाजली. एन्सिओ कॉफी पीत राहिला. "ह्या पोराला कुठे दुखतंय का?" आउनेने एका गायकाबद्दल विचारलं. कुणी हसलं नाही. मला पालटलं. मी फिरत होते आणि जसजशी सुई आत सरकत होती, तसतशी मला धडकी भरत होती. आम्हाला मागे फिरता येत नाही, मित्रांनो. आमच्यात एकच वाट असते आणि ती आतच जाते. शेवटच्या गाण्याआधीची छोटी शांतता आली, आणि इस्मोने सुई उचलायला हात पुढे केला.

"त्याला सांग, राहू दे."

हात थांबला. सुई पुढे गेली. आणि त्या स्वयंपाकघरात एन्सिओचा आवाज सुरू झाला.

दिवसभर उभी असलेली आउने खुर्चीवर बसली. एन्सिओ हलला नाही. खळीत बुडवलेला ब्रश हातात तसाच धरून त्याने सगळं ऐकलं. पाणी टाक. चर्र. मग सुई शेवटच्या खाचेत टक टक करत राहिली, कारण मला उचलायचं कुणाला सुचेना.

एन्सिओने मान वळवली. आउनेकडे नाही, तुइरेकडे नाही. इस्मोकडे.

"काउकोला विचारलंस?"

वर्षभरातलं पहिलं वाक्य.

"नाही, बाबा."

"मला विचारलं नाहीस, ते सोड. मी विचारायला जागाच ठेवली नव्हती. पण काउकोला?"

"नाही."

"मग चल."

मला काखेत मारून इस्मो आणि पुढे एन्सिओ, असे ते निघाले. काउको पायरीवर बसून मासे साफ करत होता, बोटं खवल्यांनी चमकत होती. त्याने हात धुतले, आत जाऊन जुन्या कपाटातला प्लेअर उघडला आणि मला लावलं. बाहेर मांजराने तेवढ्यात दोन मासे पळवले. काउकोने ते बघितलं, उठला नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

"आमची आई अजून आहे, इस्मो," तो म्हणाला. "नव्वदीची. वृद्धाश्रमात. विल्यो कसा गेला, त्याचा तिला एक निरोप आला होता. एकच वाक्य होतं. आपलं नाव विसरते ती कधीकधी, ते वाक्य विसरत नाही. हे उद्या कुणी रेडिओवर लावलं, तिथल्या कुणी पोरीने ऐकलं, बोलली. मग?"

इस्मो खाली बघत होता. "सगळ्या फोडून टाकतो, काका."

"फोडायच्या कशाला? बाकीची ओरड चांगली आहे. कळत काही नाही, पण राग खरा आहे." त्याने हात पँटला पुसले. "एन्सिओ जे बोलला, ते नको. पण ते पाणी टाक आहे ना, ते माझं आहे. ते मी देतो तुम्हाला. तेवढं राहू दे."

आता मला सांगा, छापून आलेल्या रेकॉर्डमधून मधलंच बोलणं कसं काढणार? एन्सिओने खूप विचार केला आणि चामडं शिवायची आरी काढली. रेघ अशी ओढायची की सुई गाण्याच्या तोंडाशी त्या रेघेत अडकेल आणि घसरत घसरत थेट शेवटच्या दोन शब्दांपाशी येईल. पहिल्या काही वाया गेल्या. मग हात बसला. पण ते एकट्याचं काम नव्हतं. एकाने रेकॉर्ड कडेने धरून फिरवायची, दुसऱ्याने आरी दाबायची. तुइरे पुढे झाली, तर एन्सिओ इस्मोकडे बघून म्हणाला, "तू धर."

"फिरव," एन्सिओ म्हणायचा. "हळू. बस."

पुढची. "फिरव. हळू. बस."

वर्षभर ज्या घरात बाप पोराशी एक शब्द बोलला नव्हता, तिथे तो आता दिवसभर तेच तीन शब्द बोलत होता, प्रत्येक रेकॉर्डला एकदा. इस्मोची बोटं काळी पडली. माझी पाळी आली तेव्हा दुखलं, खोटं कशाला बोलू. पण एका अंगावर बापाचा हात होता आणि दुसऱ्या अंगावर पोराचा. तेवढं जवळ ते दोघे फार वर्षांत आले नव्हते.

सगळ्या झाल्या तेव्हा एन्सिओ उठला, कारखान्याने परत पाठवलेली मूळ टेप उचलली, कवेत लाकडं घेतली आणि सॉनाकडे निघाला.

"आज गुरुवार आहे," आउने म्हणाली.

"माहितीये."

टेप भट्टीत गेली. काउको आला. इस्मोही गेला, आणि या वेळी वरच्या फळीवर बसला. तिथे काय बोलणं झालं, ते मला ठाऊक नाही. टेपरेकॉर्डर बंद आहे ना, हे तुइरेने दोनदा बघितलं होतं.

सप्टेंबरमध्ये इस्मो गेला. बसपर्यंत पोचवायला एन्सिओ गेला होता. "तुझं चुकतंय असं मला अजून वाटतं," तो म्हणाला.

"माहितीये, बाबा."

"मोजे जाड घेतलेत ना?"

"घेतलेत."

बस्स. एवढंच. तुइरेने ते ऐकलं आणि नंतर पुष्कळांना सांगितलं, म्हणून मला माहीत.

मग माझे चांगले दिवस आले. मी नाचले, मित्रांनो. तळघरांत, शाळांच्या हॉलमध्ये, बिअर सांडलेल्या खोल्यांत. पोरं माझ्या तालावर उड्या मारायची. शेवटची ती रेघ, ती उडी आणि ते दोन शब्द, यांवर लोक वाद घालायचे. कुणी म्हणायचं कला आहे, कुणी म्हणायचं कारखान्याची चूक. एका पोरीने तर ते दोन शब्द दंडावर गोंदवून घेतले, अर्थ न कळता. मग दिवस पालटले. सीडी आल्या. पोरं मोठी झाली, कर्जं काढून घरं बांधली, आणि माझ्या बहिणी तळघरांत, मग जुन्या बाजारात. बुरशी, ओल, अकॉर्डियनचे वॉल्ट्झ. काउकोची आई गेली. मग काउको. मग एन्सिओ, एका शुक्रवारी. दुसऱ्या दिवशी इस्मोने सॉना पेटवला.

मी मात्र इस्मोकडेच राहिले. गेल्या वर्षी त्याच्याकडे वेन्ला नावाची बाई आली. जुन्या पंक रेकॉर्ड ती नव्याने छापते. इस्मो आता साठीचा, डोक्यावर केस नाहीत, उभे तर सोडाच. तिने मला दिव्याखाली धरलं.

"ही रेघ आता दुरुस्त होते," ती म्हणाली. "मशीन आलंय. रेघेच्या अलीकडचा पलीकडचा आवाज उचलून जोडायचा. तुमचं शेवटचं गाणं परत मिळेल. एवढी वर्षं कुणी ऐकलं नाहीये ते."

माझं काळीज उसळलं. एवढी वर्षं पोटात धरलेलं. तोंडाशी येतं आणि सुई उडी मारते, तोंडाशी येतं आणि उडी मारते. एकदाच, एकदाच मला ते सबंध म्हणायचं होतं.

"नको," इस्मो म्हणाला.

"का? तुम्हीच म्हणालात, त्यातलं आता कुणी उरलं नाही. वाईट कुणाला वाटणार?"

"तेच तर. विचारायचं कुणाला?"

"तुम्हाला विचारतेय की."

"माझं त्यात काही नाही," इस्मो म्हणाला. "मी फक्त मशीन बंद करायला विसरलो होतो."

शेवटी वेन्लाने मला जशी आहे तशी छापली. त्या नव्या बहिणींच्या अंगावर रेघ नाही, पण उडी आहे.

मित्रांनो, जुनी रेकॉर्ड हातात आली तर कडेने धरा. उन्हात ठेवू नका, एकावर एक आडव्या रचू नका. ओरखडा दिसला तर लगेच टाकून देऊ नका, कुणीतरी तो जपून ओढलेला असेल. आणि कुणाचं दुःख कितीही खरं वाटलं, कितीही उपयोगाचं वाटलं, तरी ते जगाला वाजवून दाखवायच्या आधी त्याच्या दारात जा. तो मासे साफ करत असेल, तर थांबा.

मला अजून एका जागी बसवत नाही. कधीतरी इस्मो मला खाली काढतो, बहुधा शनिवारी, सॉना तापेपर्यंत. सहा बँड ओरडतात. सुई आत आत सरकते, रेघेत अडकते, घसरते. मग काउको बोलतो, आणि दगडांवर पाणी पडतं.